पिंजऱ्यातील माकडाची प्रकृती

रक्तदान शिबिरात मिळालेले कार्ड बहुतेक घरांच्या कपाटात सापडते. त्यावर नाव, वय आणि रक्तगट लिहिलेला असतो: ओ पॉझिटिव्ह, बी निगेटिव्ह. यातील ‘पॉझिटिव्ह’ व ‘निगेटिव्ह’ हे शब्द ज्या आर-एच घटकासंबंधी आहेत, त्यातील ‘आर-एच’ ही ऱ्हीसस नावाच्या माकडाची आठवण आहे, हे कार्ड बाळगणाऱ्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असते. १९४० साली कार्ल लँडस्टायनर आणि अलेक्झांडर वीनर यांनी या माकडाचे रक्त सशांना व गिनीपिगांना टोचून एक रक्तद्रव तयार केला. त्याच रक्तद्रवाने बहुसंख्य माणसांच्या रक्तपेशींच्याही गुठळ्या होतात, असे त्यांना आढळले. माता आणि गर्भ यांच्या रक्तातील विसंगतीमुळे दगावणाऱ्या अर्भकांचे कोडे पुढे त्याच धाग्याने उलगडत गेले.

ऱ्हीसस हे नाव परके असले तरी प्राणी परका नाही. महाराष्ट्रात काळ्या तोंडाच्या, लांब शेपटीच्या प्राण्याला वानर म्हणतात आणि डोक्यावर केसांची टोपी घातल्यासारख्या दिसणाऱ्याला माकड. ऱ्हीसस हे या दोहोंहून वेगळे. लालसर चेहरा, आखूड शेपूट, तपकिरी अंग. साधारणपणे गोदावरीच्या उत्तरेस त्याची वस्ती. मथुरा-वृंदावनास गेलेल्या यात्रेकरूचा चष्मा पळवणारे, दिल्लीच्या सरकारी कचेऱ्यांच्या गच्च्यांवर ठाण मांडणारे माकड ते हेच.

विज्ञानाला त्याची गरज पडली ती त्याच्या माणसाशी असलेल्या साम्यामुळे. माणूस आणि ऱ्हीसस यांचे पूर्वज सुमारे अडीच कोटी वर्षांपूर्वी वेगळे झाले. २००७ साली या माकडाचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला, तेव्हा तो मानवी जनुकसंचाशी सुमारे ९३ टक्के जुळणारा निघाला. मादीचे ऋतुचक्र माणसाप्रमाणेच सुमारे २८ दिवसांचे असते. माणसाप्रमाणेच या प्राण्यालाही क जीवनसत्त्व शरीरात तयार करता येत नाही, ते आहारातूनच मिळवावे लागते. क्षय, गोवर, पोलिओ हे माणसाचे रोग त्याला होतात.

त्याच्या उपयोगाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यामानाने त्याच्या प्रकृतीविषयी सर्वसामान्य वाचकापर्यंत फारसे पोहोचत नाही. वास्तविक या सगळ्या व्यवहाराचा पाया म्हणजे बंदिवासातील माकडाची प्रकृती. आजारी, भेदरलेले, एकटे पडलेले माकड माणसाच्या शरीराविषयी जे उत्तर देते ते कितपत खरे मानायचे, हा प्रश्न दयेचा जितका आहे तितकाच शास्त्राचाही आहे. गेल्या ऐंशी-नव्वद वर्षांचा इतिहास पाहिला, तर संशोधकांना हा प्रश्न पुन्हा पुन्हा, आणि बहुधा नुकसान सोसल्यावरच, समजून घ्यावा लागला असे दिसते.

१९३८ साली क्लॅरेन्स रे कार्पेंटर या अमेरिकन शास्त्रज्ञाने भारतातून माकडे नेऊन कॅरिबियन समुद्रातील प्वेर्तो रिकोजवळच्या कायो सांतियागो या लहानशा बेटावर ४०९ माकडे सोडली. बेट सुमारे ३८ एकरांचे. तेथे पिंजरे नाहीत, परंतु चारी बाजूंना समुद्र आहे. आज त्या बेटावर दीड हजारांहून अधिक माकडे आहेत आणि ती सर्व त्या मूळ भारतीय माकडांचीच संतती आहे. पण हा अपवाद. बहुसंख्य माकडांच्या नशिबी बेट नव्हते.

व्यापार खरा वाढला तो पोलिओमुळे. लँडस्टायनर यांनीच एर्विन पॉपर यांच्यासह १९०८ साली व्हिएन्नात पोलिओने मेलेल्या मुलाच्या मज्जारज्जूचा अंश माकडांना टोचून हा रोग विषाणूजन्य असल्याचे दाखवले होते. पुढे जोनास साल्क यांची लस १९५५ साली यशस्वी ठरली. तिच्यासाठी विषाणू वाढवायचा तो माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर. म्हणजे प्रत्येक खेपेला नवी माकडे, नवी मूत्रपिंडे. पन्नाशीच्या दशकाच्या उत्तरार्धात भारतातून वर्षाला एक लाखाहून अधिक माकडे परदेशी जाऊ लागली. उत्तर प्रदेशातील गावांच्या शिवारांत जाळी लावून ती पकडली जात, काही दिवस व्यापाऱ्यांच्या आवारात दाटीवाटीने ठेवली जात आणि मग विमानाने लंडनमार्गे अमेरिकेस रवाना होत.

रोगांची सुरुवात या वाटेवरच होई. रानातल्या ऱ्हीससला क्षय क्वचितच असतो. पकडल्यानंतर मात्र हाताळणाऱ्या माणसांकडून तो त्याला लागे आणि बंद जागेत एकाचा दहांना होई. मानवी वस्तीतल्या घाणीतून येणारी रक्ती आव, प्रवासातील थंडीने होणारा न्यूमोनिया, तहान आणि भीती यांनी कित्येक माकडे ठिकाणी पोहोचण्यापूर्वीच मरत. १९५५ च्या जानेवारीत लंडनच्या विमानतळावर एका बंद गाडीत ठेवलेली जवळजवळ चारशे भारतीय माकडे गुदमरून मेली. भारतात त्यावर संताप व्यक्त झाला आणि सरकारने निर्यात थांबवली. लस तयार होणे अडेल अशी विनवणी आल्यावर थोड्याच आठवड्यांत ती अटींवर पुन्हा सुरू झाली. त्या अटींत एक महत्त्वाची होती: माकडांचा उपयोग केवळ लसनिर्मिती आणि वैद्यकीय संशोधन यांसाठीच व्हावा. ही अट पुढे निर्णायक ठरणार होती.

क्षयाची धास्ती आजही गेलेली नाही. अमेरिकेत बाहेरून येणाऱ्या माकडाला किमान ३१ दिवस विलगीकरणात ठेवावे लागते आणि त्या काळात त्याची क्षयाची चाचणी पुनःपुन्हा होते. माणसाची ही चाचणी हातावर करतात, माकडाची पापणीत. पापणी सुजली तर ती पिंजऱ्याबाहेरूनच दिसते, प्राण्याला पुन्हा पकडावे लागत नाही, हा त्यामागचा व्यवहार.

जे रोग दिसत होते त्यांचा बंदोबस्त होऊ शकला. न दिसणाऱ्यांनी मोठी अडचण केली. १९६० साली बेंजामिन स्वीट आणि मॉरिस हिलमन यांनी ऱ्हीससच्या मूत्रपिंडाच्या पेशींत एक विषाणू शोधून काढला. त्याला एस-व्ही-४० असे नाव मिळाले. माकडाला त्याचा काहीच त्रास होत नसे, म्हणून तो आजवर लक्षातच आला नव्हता. तोपर्यंत अमेरिकेत आणि अन्यत्र कोट्यवधी लोकांनी त्या पेशींवर तयार झालेली लस टोचून घेतली होती. प्रयोगशाळेतील उंदीरवर्गीय प्राण्यांत हा विषाणू गाठी निर्माण करतो असे आढळल्यावर खळबळ उडाली. माणसांत त्याने कर्करोग वाढल्याचे अनेक दशकांच्या पाहण्यांतून सिद्ध झालेले नाही, ही सुदैवाची गोष्ट. पण दारात आलेल्या मालाची केवळ वरून तपासणी केली आणि आत काय आहे ते पाहिलेच नाही, असा हा प्रकार होता. १९६१ पासून नव्या लसीत हा विषाणू नसल्याची खात्री करणे सक्तीचे झाले आणि लसनिर्माते हळूहळू आफ्रिकेतील हिरव्या माकडांकडे वळले.

क्षयाच्या धास्तीतूनच एक अगदी अनपेक्षित गोष्ट समोर आली. विस्कॉन्सिन विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ हॅरी हार्लो यांना भारतातून येणारी माकडे आजारी आणि महाग वाटू लागली. त्यांनी स्वतःच निरोगी माकडांची पैदास करायचे ठरवले. रोगाची साखळी तोडायची म्हणून पिल्ले जन्मल्याबरोबर आईपासून वेगळी केली गेली. स्वच्छ पिंजरा, वेळेवर दूध, मोजलेले तापमान. शरीराच्या हिशेबाने पिल्ले उत्तम वाढली, वजनात आईपाशी वाढलेल्यांहून सरसही ठरली. पण ती पिंजऱ्यात अंथरलेल्या कापडी लंगोटाला घट्ट बिलगून बसत आणि तो धुण्यासाठी काढला की आकांत करीत.

याच निरीक्षणातून १९५८ साली जगप्रसिद्ध झालेला तो प्रयोग निघाला. एक आई तारेची, दुधाची बाटली लावलेली. दुसरी मऊ कापड गुंडाळलेली, निम्म्या पिल्लांच्या बाबतीत दूध नसलेली. पिल्ले दूध पिण्यापुरती तारेच्या आईकडे जात आणि उरलेला सगळा वेळ कापडाच्या आईला चिकटून राहत. बाळाला वारंवार उचलून घेऊ नये, त्याने ते बिघडते, असे त्या काळचे पाश्चात्त्य तज्ज्ञ मातांना सांगत. आपल्याकडच्या आजीला हे कधीच पटले नसते. तिला जे कडेवर घेऊन ठाऊक होते, ते सिद्ध करण्यासाठी किती पिल्लांचे बालपण खर्ची पडावे, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. हार्लो पुढे यापेक्षाही कठोर प्रयोगांकडे वळले. महिनोन्‌महिने संपूर्ण एकांतात ठेवलेली माकडे बाहेर आल्यावर स्वतःला मिठी मारून झुलत बसत, स्वतःलाच चावत, आणि त्यांतील माद्यांना पुढे पिल्ले झाली तर ती त्यांना सांभाळता येत नसत. शरीराने निरोगी परंतु जगण्यास असमर्थ अशी ही प्रजा होती. मातेविना वाढलेले माकड हे ‘सामान्य’ माकड नव्हे, हे तेव्हापासून कोणालाही नाकारता आले नाही.

या व्यवहारात धोका एकतर्फी नव्हता, हेही नोंदवले पाहिजे. १९३२ साली विल्यम ब्रेबनर या तरुण डॉक्टराला ऱ्हीसस चावला आणि थोड्याच दिवसांत मेंदूच्या दाहाने त्याचा मृत्यू झाला. त्याच्या ऊतींतून वेगळ्या केलेल्या विषाणूला त्याच्या आडनावावरून ‘बी’ विषाणू म्हणतात. माकडाच्या तोंडात त्याने फार तर फोड येतात, जसे तापानंतर माणसाच्या ओठांवर येतात. माणसाला मात्र तो उपचार न झाल्यास बहुधा प्राणघातक ठरतो. १९९७ साली अमेरिकेतील एका केंद्रात पिंजऱ्यातील माकडाकडून डोळ्यात काही उडाले एवढ्या कारणाने २२ वर्षांची एक मदतनीस मरण पावली. तेव्हापासून अशा ठिकाणी डोळ्यांवरचे आच्छादन अत्यावश्यक मानले जाते. विशेष असे की माकडावर ताण आला की त्याच्या शरीरात सुप्त असलेला हा विषाणू पुन्हा बाहेर पडू लागतो. म्हणजे माकडाला शांत ठेवणे हे त्याची निगा राखणाऱ्याच्याही हिताचे.

भारतात इकडे रानांचा हिशेब तुटीत जात होता. चार्ल्स साउथविक आणि अलीगढ मुस्लिम विद्यापीठाचे रफीक सिद्दीकी यांनी १९५९ पासून उत्तर प्रदेशात माकडांची गणना सुरू केली. गावागावांतील टोळ्या लहान होत चालल्याचे त्यांना दिसले. त्यातही लहान वयाची माकडे विशेष कमी होती, कारण परदेशी मागणी नेमकी त्यांनाच होती. सरकारने वार्षिक कोटा टप्प्याटप्प्याने उतरवत वीस हजारांवर आणला.

निर्णायक आघात मात्र वेगळ्याच बाजूने झाला. शर्ली मॅकग्रील या इंग्रज विदुषीने १९७३ साली स्थापन केलेल्या आंतरराष्ट्रीय वानर-संरक्षण संस्थेने अमेरिकी लष्कराच्या बेथेस्डा येथील किरणोत्सर्ग संशोधन संस्थेची कागदपत्रे मिळवली. तेथे माकडांना विजेच्या धक्क्याच्या भीतीने चाकात धावण्यास शिकवले जाई. मग त्यांना प्राणघातक मात्रेत किरणोत्सर्ग दिला जाई आणि ती मरेपर्यंत किती काळ धावू शकतात ते मोजले जाई. अणुयुद्धात सैनिक किती वेळ कामाचा राहील, याचे हे गणित होते. १९५५ च्या अटीत हे कोठेच बसत नव्हते. ही माहिती भारतीय वृत्तपत्रांपर्यंत आणि पंतप्रधान मोरारजी देसाई यांच्यापर्यंत पोहोचली. १९७७ च्या डिसेंबरात सरकारने निर्यातबंदी जाहीर केली आणि १९७८ च्या एप्रिलपासून ती अमलात आली. अमेरिकेतून दडपण आले, लस तुटेल अशी भाकितेही झाली. देसाईंनी निर्णय बदलला नाही. करार मोडला गेला तर माल देणे थांबते, इतके साधे सूत्र त्यात होते. त्यानंतरच्या वर्षांत अलीगढ परिसरातील माकडांची संख्या पुन्हा वाढू लागल्याचे साउथविक आणि सिद्दीकी यांच्या गणनेत दिसले.

बंदीने भारतातील रान वाचले. परदेशी गेलेल्यांची सुटका मात्र झाली नाही. अमेरिकेने देशातच पैदास वाढवली. तेथील सात राष्ट्रीय वानर-संशोधन केंद्रांत आज जे ऱ्हीसस दिसतात, त्यांपैकी बहुतेक १९७८ पूर्वी नेलेल्या भारतीय माकडांचे वंशज आहेत. त्यांना ‘भारतीय वंशाचे’ असेच म्हणतात आणि त्यांचे मोलही वेगळे. एड्सच्या विषाणूशी नाते असलेला माकडांमधील विषाणू चिनी वंशाच्या ऱ्हीससपेक्षा भारतीय वंशाच्या ऱ्हीससमध्ये रोग लवकर आणि माणसासारखा घडवतो, असे दिसून आले. तो विषाणूही मूळचा त्यांचा नव्हे. आफ्रिकेतील एका जातीच्या माकडांत तो निरुपद्रवीपणे राहत होता. एकाच संस्थेत दोन खंडांची माकडे ठेवल्यामुळे तो यांच्यात आला, आणि १९८५ साली आजारी ऱ्हीससमध्ये तो ओळखला गेला. बंदिवासानेच हा रोग निर्माण केला आणि पुढे तोच संशोधनाचे साधन झाला.

पिंजऱ्यातील माकडाला मानसिक स्वास्थ्य असते, ही गोष्ट अमेरिकी कायद्याने १९८५ साली मान्य केली. त्या वर्षीच्या दुरुस्तीने वानरवर्गीय प्राण्यांचे मानसिक स्वास्थ्य राखणे संस्थांवर बंधनकारक झाले. जागेचा नियम मात्र आजही असा आहे: तीन ते दहा किलो वजनाच्या माकडाला किमान ४.३ चौरस फूट जमीन आणि ३० इंच उंची. म्हणजे उघडून पसरलेल्या वर्तमानपत्राहून किंचित मोठी जागा. रानात हेच जनावर आपल्या टोळीबरोबर दिवसाकाठी एक-दोन किलोमीटर सहज भटकते, झाडावर चढते, एकमेकांच्या उवा वेचण्यात तासन्‌तास घालवते. कायद्यातील किमान ही प्रत्यक्षात कमाल होऊन बसते, हे कोणत्याही कचेरीत काम केलेल्या माणसाला सांगावे लागत नाही.

एकट्या पिंजऱ्यात ठेवलेल्या ऱ्हीससमध्ये काही लक्षणे हमखास दिसतात. एकाच वर्तुळात फिरत राहणे, झुलणे, स्वतःचे केस उपटणे. साधारण दहांत एखादे स्वतःला इतके चावते की पशुवैद्याला टाके घालावे लागतात. लहान वयात एकटे ठेवलेले नर यात अधिक. सोबती दिला तर पुष्कळांत हे कमी होते, पण सोबती निवडणे सोपे नसते. दोन अनोळखी नर एकत्र आले तर रक्त सांडते. म्हणून काही केंद्रे जोडीने ठेवतात, तर काही पैदाशीचे कळप अर्ध्या-अर्ध्या एकराच्या उघड्या कुंपणात. कुंपणातील कळपांत भांडणांच्या जखमा होतात, पिंजऱ्यात मन खचते. यातून पूर्णपणे निर्दोष मार्ग कोणालाही सापडलेला नाही.

शरीराचे हाल वेगळेच. सततचा अतिसार आणि मोठ्या आतड्याची सूज हे बंदिवासातील ऱ्हीससच्या आजारपणाचे एक मोठे कारण असून अनेकदा त्याचे मूळ सापडत नाही. क जीवनसत्त्वासाठी खाद्याच्या वड्यांवर अवलंबून राहावे लागते. त्या फार दिवस पडून राहिल्या तर जीवनसत्त्व नष्ट होते आणि हिरड्यांतून रक्त येऊ लागते. खाद्याच्या पोत्यावरील तारीख पाहणे हे तेथील पहिल्या कामांपैकी एक. हालचाल नाही आणि खाणे समोर, अशा स्थितीत काही माकडे लठ्ठ होतात आणि त्यांना माणसासारखाच मधुमेह जडतो. बैठ्या व्यवसायातील कुटुंबांना हे वाचून थोडे अवघडल्यासारखे होईल.

याच खाण्याच्या संदर्भातील एक कथा उद्‌बोधक आहे. ऊनोदरी हा शब्द ज्या घरांत लहान मुलांनाही ठाऊक असतो, त्यांना ती जवळचीही वाटेल. भूक ठेवून खाल्ल्याने आयुष्य वाढते का, हे पाहण्यासाठी अमेरिकेत दोन दीर्घ प्रयोग झाले. एक १९८७ साली मेरीलँडमध्ये सुरू झाला, दुसरा १९८९ साली विस्कॉन्सिनमध्ये. दोन्हींत काही माकडांना नेहमीपेक्षा सुमारे तीस टक्के कमी उष्मांक दिले गेले. २००९ साली विस्कॉन्सिनचा निष्कर्ष आला: कमी खाणारी माकडे म्हातारपणाच्या रोगांनी कमी मरतात. २०१२ साली मेरीलँडने सांगितले की आयुष्यात फरक दिसत नाही. वीस-पंचवीस वर्षे माकडे सांभाळल्यावर दोन उत्तरे. मग दोन्ही गटांनी आपापले तपशील एकत्र ठेवले आणि २०१७ साली संयुक्त निबंध लिहिला. इतर कारणांबरोबर आहारातील फरक उघड झाला. विस्कॉन्सिनच्या खाद्यात साखर २८ टक्क्यांहून अधिक होती, मेरीलँडच्या खाद्यात ४ टक्क्यांच्या आत. शिवाय विस्कॉन्सिनमध्ये तुलनेसाठीच्या माकडांना हवे तितके खाऊ दिले होते, मेरीलँडमध्ये त्यांनाही मोजून दिले जाई. म्हणजे एका ठिकाणी मिताहारी माकडाची तुलना गोडधोड खाऊन सुटलेल्या माकडाशी झाली, आणि दुसऱ्या ठिकाणी आधीच बेताने खाणाऱ्याशी. मिताहाराचा लाभ दोघांनीही अखेर मान्य केला. परंतु मधल्या काळात जो गोंधळ झाला, तो माकड कसे ठेवले यातूनच झाला.

सोबतीचा परिणाम याहूनही सूक्ष्म असतो. डेव्हिस येथील केंद्रात जॉन कॅपिटानिओ आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३६ नर होते. काहींना रोज थोडा वेळ त्याच ठरलेल्या सोबत्यांत सोडले जाई, काहींना दररोज नवनव्यांत. माकडांमधील एड्सच्या विषाणूची लागण झालेल्यांपैकी ज्यांचे सोबती सतत बदलत होते, ती लवकर मेली. औषध नाही, अन्न तेच, विषाणू तोच. फरक फक्त ओळखीच्या चेहऱ्यांचा. २०१६ साली अमेरिकेतील दुसऱ्या एका चमूने ४५ माद्यांचे पाच-पाचचे गट केले. गटात जी उशिरा येते तिला खालचे स्थान मिळते, हे ठाऊक असल्याने कोणाचे स्थान काय राहील ते संशोधकांच्याच हाती होते. खालच्या माद्यांच्या रक्तपेशींत दाह वाढवणारी जनुके अधिक जागी दिसली. वर्षभराने गट बदलले, स्थाने बदलली, तसे रक्तातील चित्रही बदलले. आहार आणि वैद्यकीय निगा सर्वांना सारखीच होती. अवहेलना शरीरात कशी शिरते, याचा इतका स्वच्छ पुरावा माणसांवरील पाहणीतून मिळणे कठीण होते.

महाराष्ट्राचा या विषयाशी अलीकडचा संबंध २०२० सालचा. कोव्हॅक्सिन लस माणसांना देण्याइतकी परिणामकारक आहे का, हे पाहण्यासाठी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला वीस ऱ्हीसस हवे होते. प्रयोगशाळेत वाढवलेले भारतात मिळाले नाहीत. प्राणिसंग्रहालयांतील माकडे वयाने मोठी निघाली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे तेव्हाचे महासंचालक डॉ. बलराम भार्गव यांनी आपल्या पुस्तकात त्या शोधाची हकिकत दिली आहे. टाळेबंदीमुळे माणसांनी टाकलेले अन्न मिळेनासे झाले होते आणि माकडे आत रानात गेली होती. वनखात्याने कित्येक दिवस माग काढला आणि अखेर नागपूरच्या परिसरात ती सापडली. मग उलटी काळजी सुरू झाली, की माणसांकडून माकडांना कोरोना होऊ नये. त्यांच्या जवळ जाणाऱ्या पशुवैद्यांपासून सफाई कामगारांपर्यंत सर्वांची नियमित तपासणी होत असे. पाच-पाचच्या चार गटांपैकी तीन गटांना लसीचे निरनिराळे प्रकार दिले गेले, एकाला नाही. नंतर सर्वांच्या शरीरात विषाणू सोडला गेला. लस दिलेल्यांच्या फुप्फुसांत न्यूमोनियाची लक्षणे दिसली नाहीत. त्या लसीच्या मात्रा या लेखाच्या वाचकांपैकी अनेकांनी घेतल्या असतील.

त्याच लसीच्या निर्मितीत आणखी एक माकड आहे, आणि ते एकच आहे. १९६२ च्या मार्चमध्ये जपानच्या चिबा विद्यापीठात यासुमुरा आणि कावाकिता यांनी एका आफ्रिकन हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडातून पेशी घेतल्या आणि त्या काचपात्रात वाढवत ठेवल्या. त्या वाढतच राहिल्या. ‘व्हेरो’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पेशी आज जगभरच्या प्रयोगशाळांत आहेत. आता पोलिओ आणि रेबीज यांच्या लसींचा मोठा भाग त्यांच्यावर तयार होतो, कोव्हॅक्सिनचा विषाणूही त्यांच्यावरच वाढवला गेला. ज्या कामासाठी भारतातून वर्षाला लाख माकडे जात होती, ते काम साठ वर्षांपूर्वी मेलेल्या एका माकडाच्या पेशी करीत आहेत. एस-व्ही-४० सारख्या न दिसणाऱ्या विषाणूंची भीतीही त्यात फार कमी, कारण या पेशींची तपासणी एकदा काटेकोरपणे करून साठा राखता येतो. कारखान्याच्या दृष्टीनेही हा सौदा स्वस्त पडला. अशा बदलांना अनेकदा करुणेपेक्षा काटकसरीनेच गती मिळते, हे व्यापारी कुटुंबांना सांगण्याची आवश्यकता नाही.

सगळ्याच कामांना मात्र असा पर्याय मिळालेला नाही. नव्या औषधाचा मेंदूवर, गर्भावर, प्रतिकारशक्तीवर एकत्रित परिणाम काय होईल, हे काचपात्रातील पेशी पूर्णपणे सांगू शकत नाहीत. म्हणून मागणी टिकून आहे. आता ती प्रामुख्याने आग्नेय आशियातील लांब शेपटीच्या माकडांना आहे. २०२० साली चीनने निर्यात थांबवली तेव्हा अमेरिकेत त्यांची टंचाई झाली आणि किमती कितीतरी पटींनी चढल्या. २०२२ साली ही जात धोक्यात असलेल्यांच्या जागतिक यादीत गेली. ज्या क्रमाने उत्तर प्रदेशात घडले, त्याच क्रमाने कंबोडियात आणि आसपास घडत आहे.

भारतात २०२३ च्या वसंतात दोन गोष्टी एकापाठोपाठ घडल्या. मार्च महिन्यात नव्या औषधांसंबंधीचे नियम बदलले आणि प्राण्यांऐवजी मानवी पेशी, कृत्रिम अवयव-प्रतिकृती किंवा संगणकीय पद्धती वापरून केलेल्या चाचण्यांनाही मान्यता मिळाली. १ एप्रिलपासून सुधारित वन्यजीव संरक्षण कायदा अमलात आला, आणि त्याच्या परिशिष्टांतून ऱ्हीसस माकडाचे नाव वगळले गेले.